साडेचार तासांचा रस्ता

मालवणच्या बाजारपेठेतून निघालेली गाडी कुंभारमाठ, चौके, कट्टा मागे टाकत कसालला येते आणि मुंबई-गोवा महामार्गाला मिळते. अंतर सुमारे तीस किलोमीटर. डावीकडे वळलात तर कणकवली; उजवीकडे वळलात तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय, मग कुडाळ, सावंतवाडी, बांदा आणि पुढे गोवा. वऱ्हाडाच्या गाडीला कसालपर्यंतचा हा वळणावळणाचा रस्ता पाऊण तासाचा. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये एक हिशेब मांडला होता. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की उपचार न मिळाल्यास दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात. तो हिशेब या रस्त्याला लावला तर मालवण ते कसाल एवढ्या प्रवासातच साडेआठ कोटी पेशी गेल्या. आकडा सरासरीचा आहे, कुणाच्या जास्त जातात, कुणाच्या कमी. रस्त्याची लांबी मात्र सगळ्यांना सारखीच.

पक्षाघात, लकवा, किंवा आपल्याकडे म्हणतात तसं अंगावरून वारं जाणं, यावर मराठीत लिहिलं जातं ते बहुधा मुंबई-पुण्याच्या वाचकाला समोर ठेवून. ‘रुग्णाला ताबडतोब सुसज्ज रुग्णालयात न्या’ असं एक वाक्य त्यात हमखास असतं. देवबागच्या वाळूच्या पट्टीवर किंवा तिलारीच्या खोऱ्यात राहणाऱ्याने त्या वाक्याचं काय करायचं? म्हणून या प्रकरणाची सुरुवात नकाशापासून केली. या आजारात नकाशा हा उपचाराचाच भाग असतो, आणि नकाशा आपल्या बाजूने नसेल तर आजार येण्याआधीची पंधरा-वीस वर्षं जास्त मोलाची ठरतात.

रक्त कुठे अडतं

मेंदूचं वजन शरीराच्या वजनाच्या दोन टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा-सहावा हिस्सा एकटा मेंदू घेतो आणि साठवून काहीच ठेवत नाही. रक्त थांबलं की काही मिनिटांत नुकसान सुरू होतं. पक्षाघाताच्या दर पाच रुग्णांपैकी साधारण चार जणांच्या बाबतीत रक्तवाहिनी बंद झालेली असते आणि एकाची फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं. स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेपफर यांनी 1658 मध्ये मृतांच्या मेंदूची तपासणी करून रक्तस्राव आणि मानेतल्या बंद पडलेल्या रक्तवाहिन्या या दोन्ही गोष्टींची नोंद करून ठेवली होती. जिवंत माणसाच्या डोक्यात यातलं नेमकं काय झालंय हे पाहायला त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षं लागली. लंडनमध्ये ऑक्टोबर 1971 मध्ये गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रातून पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र निघालं, आणि या आजाराच्या उपचाराचा दरवाजा उघडला तो तिथे.

रक्तवाहिनी बंद पडण्याच्या तीन मोठ्या तऱ्हा आहेत. एक म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात चरबी आणि चुना साचत जातो, त्यावर चीर पडते आणि तिथे रक्त गोठतं. गोऱ्या लोकांमध्ये हे मानेतल्या रक्तवाहिनीत जास्त होतं. आपल्याकडे आणि पूर्व आशियात कवटीच्या आतल्या रक्तवाहिन्याही मोठ्या प्रमाणात खराब होतात. दुसरी तऱ्हा हृदयातून येते. हृदयाचे ठोके अनियमित झाले किंवा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप बिघडली असेल, तर हृदयाच्या कप्प्यात रक्त साकळतं आणि त्याची गुठळी सुटून मेंदूत जाऊन बसते. तिसरी तऱ्हा सगळ्यांत गरीब दिसते. वर्षानुवर्षं वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूच्या खोल भागातल्या केसासारख्या वाहिन्या जाड होतात आणि एकेक करून मिटतात.

माडा-पोफळीच्या बागेत पाट तुंबला तर तुंबाऱ्याच्या लगत पुढची झाडं आधी सुकतात. कडेच्या झाडांना शेजारच्या पाटाचं झिरपलेलं पाणी थोडंफार मिळत राहतं; ती माना टाकतात, पण मरत नाहीत. मेंदूतही हेच घडतं. मधला भाग लवकर जातो. त्याच्या भोवतीच्या पेशी काम थांबवून, मिळेल त्या रक्तावर तग धरून असतात. हात हलत नाही याचा अर्थ हात चालवणारी सगळी जागा मेली असा होत नाही. पुढच्या काही तासांत सगळी धडपड करायची ती या कडेच्या पेशींसाठी.

हाच आजार हृदयाच्या रक्तवाहिन्यांत झाला की त्याला आपण लगेच ओळखतो. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावात हृदयविकाराने गेले तेव्हा ते 48 वर्षांचे होते, आणि अजूनही या भागात त्यांचं नाव निघालं की ‘हार्टने गेले’ हे कुणीतरी हळहळून सांगतं. छातीत कळ आली तर आज आडगावातलं घरही गाडी शोधतं. हात लुळा पडला तर तेल शोधतं. रक्तवाहिनी तीच, गुठळी तीच, घाईत मात्र एवढा फरक. माझ्या मते याचं कारण वेदना. मेंदूच्या या झटक्यात बहुतेकांना दुखत नाही. न दुखणाऱ्या आजाराला माणूस वेळ देतो.

घरात जाणारा वेळ

2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेल्या मोजक्या जिल्ह्यांत आपण आहोत. दर हजार पुरुषांमागे इथे 1,036 स्त्रिया. हे आकडे कशाचे ते मालवणी माणसाला समजावायला नको. मुलगे मुंबईत, घरात आई, क्वचित आई-वडील दोघं. झटका पहाटे येतो. शेजारीण दूध घेऊन येते तेव्हा सात वाजलेले असतात, आणि आजी खाटेखाली पडलेली किती वेळ होती ते कुणालाच ठाऊक नसतं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न मात्र नेमका तोच असतो: धडधाकट शेवटचं कधी पाहिलं? घड्याळ तिथून चालू होतं. झोपेतून उठताना लक्षात आलं तर ते घड्याळ रात्री झोपण्याच्या वेळेपासून मोजावं लागतं. 2018 पासून एमआरआयच्या आधारे अशा काही रुग्णांनाही औषध देता येतं, पण त्यासाठी एमआरआय असलेल्या ठिकाणी पोचावं लागतं. म्हणून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर एक फोन करण्याची सवय फार मोलाची आहे. त्या फोनमुळे उपचार मिळणं आणि नाकारलं जाणं एवढा फरक पडू शकतो.

घरच्यांना ओळखायचं ते तीन गोष्टींवरून. दात दाखवायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का पाहा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का पाहा. नाव विचारा, शब्द लटपटतात का, भलतंच काही बोलतात का ऐका. अचानक तोल जाणं किंवा एका डोळ्याने न दिसणं हीसुद्धा खूण असू शकते. ‘अचानक’ हा शब्द इथे सगळ्यांत महत्त्वाचा. यातलं एक जरी दिसलं तरी पुरे, तिन्ही जुळायची वाट पाहायची नाही.

पुढे काय करू नये ते जास्त सांगायला हवं, कारण प्रेमापोटी बरंच काही केलं जातं. पाणी, चहा, पेज काही देऊ नये. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असले तर घोट फुप्फुसात जातो आणि निमोनिया होतो. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून घरात पडलेली गोळी जिभेखाली ठेवू नये. त्या वेळी वाढलेला दाब अनेकदा त्या कडेच्या पेशींना रक्त पोचवत असतो, तो एकदम पाडला की त्या जातात. ऍस्पिरिनसुद्धा देऊ नये. हृदयविकारात ते लगेच देतात हे ऐकून लोक इथेही देतात, पण रक्तवाहिनी फुटलेली असली तर तेच औषध घात करतं, आणि फुटली की तुंबली हे सीटीशिवाय कुणालाही कळत नाही. मधुमेही असेल तर साखर मात्र तपासून घ्यावी. साखर फार खाली गेली तरी हुबेहूब असंच दिसतं आणि ते जागच्या जागी बरं करता येतं.

तेल चोळणं, कौल लावणं, कबुतराचं रक्त फासणं, हे सगळं अजून चालतं. चरकसंहितेत वातव्याधींचा आख्खा अध्याय आहे आणि त्यात या आजाराचं वर्णन आहे; नंतरच्या महिन्यांत कुणाला तेलाच्या मालिशने बरं वाटत असेल तर माझी हरकत नाही. देवाला गाऱ्हाणं घालायलाही हरकत नाही, गाडीत बसून घाला. कबुतराच्या रक्ताने मात्र आजवर कबुतराचं नुकसान झालं, बाकी काही नाही.

वेळ घालवणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती शिकल्या-सवरल्या घरातही घडते. आधी गल्लीतल्या दवाखान्यात, तिथे सलाईन, मग तालुक्याला, तिथे सीटी नाही म्हणून पुढे. प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास. जवळचं रुग्णालय आणि उपयोगाचं रुग्णालय ही या आजारात वेगवेगळी असू शकतात. सीटी यंत्र चोवीस तास चालू आहे आणि गुठळी विरघळवणारं औषध द्यायची तयारी आहे असं आपल्या गावाला सर्वांत जवळचं ठिकाण कोणतं, हे झटका येण्याआधी विचारून ठेवायला हवं. आपल्या फॅमिली डॉक्टरला विचारा, आशाताईंना विचारा, उत्तर मिळालं की ते घरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. ओरोसला 2021-22 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, रस्ता चौपदरी झाला आहे, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचं उत्तर आजचं असेलच असं नाही. 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे. फोनवर ‘पक्षाघाताची शंका आहे, सुरुवात इतक्या वाजता’ असं स्पष्ट सांगावं आणि नेण्याच्या ठिकाणीही आधी फोन लावावा. रुग्ण पोचण्याआधी तिथे सीटीची खोली मोकळी झाली तर वीस मिनिटं वाचतात.

सुई आणि तार

1995 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले आणि पक्षाघातावर करण्यासारखं काही नाही हे जुनं मत मोडीत निघालं. अल्टेप्लेज नावाचं गुठळी विरघळवणारं औषध तीन तासांच्या आत शिरेतून दिलं, तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे झालेल्यांचं प्रमाण वाढलं होतं. साधारण सहा टक्के रुग्णांच्या मेंदूत त्या औषधाने रक्तस्रावही झाला. तरी गोळाबेरीज फायद्याची होती. 2008 मध्ये युरोपातल्या अभ्यासाने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली.

पण ‘साडेचार तास आहेत’ असं म्हणून निवांत होण्यासारखं यात काही नाही. पहिल्या दीड तासात औषध मिळालं तर साधारण दर पाच रुग्णांमागे एकाची स्थिती ठळकपणे सुधारते. तीन ते साडेचार तासांच्या मधे मिळालं तर तसा एक रुग्ण मिळायला चौदा जणांना औषध द्यावं लागतं. औषध तेच, डॉक्टर तेच.

या कथेत महाराष्ट्राचा एक धागा आहे. अल्टेप्लेज तासभर थेंबथेंब द्यावं लागतं. टेनेक्टेप्लेज हे त्याचंच सुधारलेलं भावंड एका सुईत काही सेकंदांत देता येतं. पुण्याची जिनोव्हा ही कंपनी ते बनवते, आणि पक्षाघातासाठी त्याला भारतात परवानगी मिळाली ती अमेरिकेच्या कितीतरी आधी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच कामासाठी टेनेक्टेप्लेजला मान्यता दिली मार्च 2025 मध्ये. एका सुईत देता येणारं औषध आडवळणाच्या जिल्ह्याला किती सोयीचं, ते वेगळं सांगायला नको. सुई द्या आणि मग गाडीत घालून मोठ्या शहराकडे पाठवा, असं करता येतं.

मोठ्या शहराकडे पाठवायचं ते दुसऱ्या उपचारासाठी. मोठ्या रक्तवाहिनीतली मोठी गुठळी बहुधा औषधाला दाद देत नाही. मग जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, जाळीच्या तारेने किंवा ओढून घेऊन ती गुठळी बाहेर काढतात. 2015 या एका वर्षात पाच वेगवेगळ्या अभ्यासांनी याचा फायदा सिद्ध केला. 2018 मध्ये, निवडक रुग्णांत, झटक्यानंतर 24 तासांपर्यंतही हे करता येतं असं दिसलं. मालवणच्या माणसासाठी ही दुसरी बातमी फार मोठी आहे. साडेचार तासांत बांबोळी, कोल्हापूर किंवा बेळगाव गाठून सगळं पार पडणं अवघड, पण चोवीस तासांत ते अशक्य नाही. उशीर झाला म्हणून घरीच ठेवलेल्या किती माणसांसाठी 2018 नंतर विचारायला हवं होतं, हा विचार मनात आला की अस्वस्थ व्हायला होतं.

बांबोळीचा उल्लेख सहज केला, पण त्यामागे इतिहास आहे. पणजीला पोर्तुगीजांनी 1842 मध्ये सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचं आजचं रूप म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, आणि दोडामार्ग-सावंतवाडीच्या माणसांना ते पिढ्यान्‌पिढ्या आपलंच वाटत आलं. 2018 च्या सुरुवातीला गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. राज्याची सीमा गुठळीला कळत नाही हे खरं, पण दर वेळी शेजाऱ्याच्या दारात उभं राहावं लागणं हा जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेवरचा शेराच होता.

आपल्यासारख्याच घाटवळणाच्या हिमाचल प्रदेशाने वेगळी वाट काढली. 2014 पासून तिथे जिल्हा रुग्णालयांतल्या साध्या फिजिशियननी स्मार्टफोनवर सीटीची चित्रं दूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांना पाठवून त्यांच्या सल्ल्याने हे औषध द्यायला सुरुवात केली, आणि औषध राज्याने फुकट दिलं. मेंदूविकारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात येणार नाही, तशी अपेक्षाही चूक आहे. सीटी, औषधाची बाटली आणि फोन उचलणारा तज्ज्ञ या तीन गोष्टी ओरोसला चोवीस तास असल्या तर सिंधुदुर्गाचं काम बरंच भागेल.

मीठ, मशेरी आणि फुकटची गोळी

एवढं सगळं असूनही, उपचार पोचेपर्यंत नुकसान झालेलंच असतं. त्यामुळे माझा कौल आधीच्या वर्षांना आहे. 32 देशांत झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की पक्षाघाताचा नव्वद टक्के धोका दहा कारणांनी समजावता येतो, आणि त्यात एकट्या उच्च रक्तदाबाचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. बाकीची नावं ओळखीचीच. तंबाखू, मधुमेह, पोटावरची चरबी, बसून राहणं, दारू, हृदयाचे आजार, कोलेस्टेरॉल, आहार, मनावरचा ताण. वरचा रक्तदाब 10 अंकांनी उतरवला तर पक्षाघाताचा धोका चौथ्या हिश्श्याहून जास्त उतरतो.

इथे सिंधुदुर्गाकडे अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे आणि ती जिल्ह्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. केंद्र सरकार, राज्यं, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 च्या अखेरीस सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले मोजके जिल्हे घेतले. महाराष्ट्रातून चार निवडले: सातारा, भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग. उपक्रमात चमत्कार काही नाही. औषधांचा क्रम सगळ्या डॉक्टरांनी एकच पाळायचा. गोळ्यांचा साठा खुंटू द्यायचा नाही. दाब मोजणं, पाठपुरावा करणं ही कामं नर्स आणि आरोग्यसेवकांनी वाटून घ्यायची. महिन्याच्या गोळ्या शक्य तितक्या घराजवळ, उपकेंद्रातच द्यायच्या. आणि कोण आलं नाही याची नोंद ठेवून त्याला हाक मारायची. लक्ष्य 140/90 च्या खाली. 2022 मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

माकडताप किंवा लेप्टो आला की वर्तमानपत्रात मथळा होतो, तो व्हायलाही हवा. उपकेंद्रात रक्तदाबाची अम्लोडिपिनची गोळी महिनाभर नव्हती, याचा मथळा कधी होत नाही. झाला पाहिजे, कारण या गोळीत खंड पडण्याचा हिशेब दोन-पाच वर्षांनी कुणाच्या तरी खाटेवर चुकता होतो.

आणि गोळी उपलब्ध असली तरी? ‘माका काय्येक होणा नाय, गोळी कित्याक खाव?’ हा प्रश्न प्रत्येक आरोग्यसेविकेने ऐकलेला असतो. उत्तर सोपं आहे आणि पटवायला कठीण आहे: काही होत नाही ते गोळीमुळेच. दाब नॉर्मल आला म्हणून गोळी थांबवली की तो पुन्हा चढतो, आणि चढताना कळवत नाही. एकदा चालू केलेली गोळी बंद करायची ती डॉक्टरनेच.

मिठाबद्दल बोलताना शिरोड्याची आठवण होते. मे 1930 मध्ये वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, माणसांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. गरिबाच्या ताटातल्या मिठावर कर नको हा तो लढा होता. आज त्याच किनाऱ्यावर मीठ इतकं स्वस्त आहे की ते मोजलंच जात नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. भारतीय माणूस सरासरी त्याच्या दुप्पट खातो. आपल्या पानात ते कुठून येतं ते पाहा. खारवलेला सुका बांगडा, सुकट, मिठातली कैरी, लोणचं, पापड, पेजेवरची चिमूट, सोलकढीतलं आगळ. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीवर घर चालतं, म्हणजे पावसाळ्यात हा भार आणखी वाढतो. सुकी मासळी सोडा असं मी म्हणणार नाही, कुणी ऐकणारही नाही. पण ती दोन पाणी बदलून भिजवा, सारात वेगळं मीठ टाकू नका, आणि त्या दिवशी लोणच्या-पापडाला सुट्टी द्या. चीनमधल्या 600 खेड्यांत जवळजवळ 21,000 माणसांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराईड मिसळलेलं मीठ दिल्यावर पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. असं मीठ आपल्याकडेही मिळतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र ते डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नये.

नारळाबद्दल मला नेहमी विचारतात. खोबऱ्यातली चरबी कोलेस्टेरॉल वाढवते, त्यामुळे रोज दोन वाट्या वाटपाची आमटी गुणकारी आहे असं सांगता येत नाही. पण माझ्या अंदाजाने मालवणी माणसाचा खरा शत्रू नारळ नाही, मीठ आणि तंबाखू आहे. ताजी तारली, बांगडे, पेडवे तर उत्तम खाणं, फक्त तव्यात तेलाची आंघोळ घालू नये. तंबाखू म्हटलं की पुरुषाची विडी डोळ्यांपुढे येते आणि बायकांची मशेरी नजरेतून सुटते. पहाटे उठल्याबरोबर मशेरी लावणारी आजी स्वतःला व्यसनी समजत नाही, घरचेही समजत नाहीत. धूर नसलेल्या तंबाखूचाही पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूशी संबंध अभ्यासांत दिसला आहे. विडीचा आणखी एक प्रताप पायांत दिसतो. शंभर पावलं चालल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. हे वय नव्हे, पायाच्या रक्तवाहिन्या चिंचोळ्या झाल्याची खूण असू शकते, आणि ज्याच्या पायात हे झालं त्याच्या हृदयात आणि मेंदूतही ते चालू असण्याची शक्यता मोठी.

हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देतात. त्यातली वॉरफरिन ही जुनी गोळी हिरव्या पालेभाजीच्या प्रमाणावर हलते. वर्षभर भाजी न खाता आषाढात रोज टाकळा आणि अळू खाल्लं तर तिचा असर घटतो. भाजी सोडू नका, तिचं प्रमाण वर्षभर सारखं ठेवा आणि रक्ततपासणी चुकवू नका.

एक इशारा सगळ्यांत जास्त वेळा वाया जातो. हात दहा मिनिटं बधिर झाला, बोबडी वळली, आणि मग सगळं जागेवर आलं. घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात. खरं तर मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो. ऑक्सफर्डमध्ये 2007 मध्ये दाखवून देण्यात आलं की अशा रुग्णांवर त्याच दिवशी उपचार सुरू केले तर पुढच्या तीन महिन्यांतले पक्षाघात 80 टक्क्यांनी कमी होतात. उपचार म्हणजे मुख्यतः साध्या गोळ्या: ऍस्पिरिन-क्लोपिडोग्रेल थोडे आठवडे, स्टॅटिन, रक्तदाबाची गोळी. मानेतली रक्तवाहिनी फारच चिंचोळी असेल तर शस्त्रक्रिया. कवटीच्या आतल्या रक्तवाहिनीत जाळी बसवण्याचा आग्रह कुणी धरला तर मात्र दुसरं मत घ्यावं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात जाळीपेक्षा नुसत्या कसून दिलेल्या औषधांनी रुग्ण जास्त सुरक्षित राहिले.

झटका येऊन गेल्यावर

रुग्ण घरी येतो तेव्हा खरी लांब लढाई सुरू होते आणि ती लढते बहुधा सून किंवा बायको. घरच्यांनाच व्यायाम शिकवून पाठवलं तर पुरेल का, हा प्रश्न भारतातच तपासला गेला. 14 रुग्णालयांतल्या 1,250 रुग्णांवरच्या त्या अभ्यासाचा निकाल 2017 मध्ये आला: नेहमीच्या उपचारांहून वेगळा फायदा दिसला नाही. घरच्यांची माया फिजिओथेरपिस्टची जागा घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या महिन्यांत फिजिओथेरपिस्ट मिळवायला हवा, लुळ्या हाताला धरून ओढून उठवणं टाळायला हवं, नाहीतर खांदा निखळतो. आणि रुग्ण गप्प झाला, रडू लागला तर ते नैराश्य असू शकतं, त्यालाही औषध आहे.

ज्याला एकदा झटका आला त्याला दुसरा येण्याची भीती मोठी. नुसता रक्तदाब उतरवून दुसरे झटके 28 टक्क्यांनी कमी करता येतात हे 2001 पासून माहीत आहे. तरी गोळ्या सुटतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात 31 केंद्रांतल्या चार हजारांहून अधिक रुग्णांना बारा भाषांत संदेश, व्हिडिओ आणि पुस्तिका दिल्या. गोळ्या घेण्याचं प्रमाण सुधारलं, पण वर्षभरात नवे झटके काही कमी झाले नाहीत. माझ्यासारख्या लिहिणाऱ्याला हा निकाल चांगलाच जमिनीवर आणतो. माहिती वाचून माणूस बदलतो यावर आमचा धंदा चालतो. तेवढ्याने भागत नाही. कुणीतरी दर महिन्याला दारात येऊन विचारावं लागतं.

ते कुणीतरी गावात आशाताई असते आणि घरात आपण. चाकरमान्यांनो, येत्या चतुर्थीला गावी याल तेव्हा मुंबईहून मिठाईच्या डब्याबरोबर दंडावर बांधायचं रक्तदाबाचं यंत्र आणा. आरतीला जमलेल्या वाडीतल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाचा दाब मोजा, 140/90 च्या वर निघालेल्यांची नावं उपकेंद्रात नेऊन द्या, आणि परत जाण्याआधी आईच्या गोळ्यांची पट्टी मोजून पाहा.